जळगाव ते मोलगी : दिवाळीनंतरचे पाच दिवस

पहिला दिवस, सोमवार १० नोव्हेंबर २०२५ : जळगाव ते चोपडा

जळगावच्या नवीन बसस्थानकावर सकाळी सात वाजता सर भेटले. सर शिरपूरचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. खांद्याला शबनम, हातात पाण्याची बाटली आणि खिशात जुनी डायरी. २००४ ते २००९ अशी पाच वर्षं मी धुळे जिल्ह्यात बालकामगारांच्या विशेष शाळेत शिकवत होते, तेव्हापासूनची आमची ओळख.

प्रवासाचं कारण थोडक्यात सांगते. एका देणगीदार संस्थेला सातपुड्याच्या कुशीतल्या गावांमध्ये बालमजुरी थांबवण्यासाठी तीन वर्षं पैसा द्यायचा आहे. तो कुठे आणि कसा लावावा, सरकारच्या कुठल्या योजनेला जोडावा, हे पाहून लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. नकाशावर रस्ता सरळ होता. चोपड्याला बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्ग गाठायचा आणि मग शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा. शेवटी घाट चढून मोलगी.

विदगावच्या पुलावरून तापी ओलांडली. पाणी अजून गढूळ होतं. पुढे धानोरा, अडावदपर्यंत दोन्ही बाजूंनी केळी, मधे मधे कपाशी. परतीच्या पावसानं मारलेली कपाशी लांबूनही ओळखू येते. खालची बोंडं काळी पडलेली आणि वरची पांढरी.

चोपड्याहून रिक्षा करून डोंगराच्या बाजूच्या एका गावात गेलो. चार एकराचं वावर, वेचणीला पंधरा-सोळा माणसं. बहुतेक पावरा कुटुंबं, काही इकडच्या पाड्यांवरची, काही बडवानी-खरगोनकडून आलेली. त्यांच्यात सहा मुलं होती. एक मुलगा आईच्या शेजारच्याच तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत होता, असेल नऊ-दहा वर्षांचा. कमरेला जुन्या लुगड्याची झोळी. मी त्याच्या मागे मागे चालत राहिले. बोंड उमलून वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात. मोठी बाई पाची बोटं आत घालून कापूस एका झटक्यात ओढते. मुलाचा हात लहान, त्याला एकेक पाकळीतून वेगळा कापूस काढावा लागतो, त्यामुळे टोचतंही जास्त. त्याच्या अंगठ्याच्या नखाजवळ दोन जागी कातडी सोलली होती आणि त्यावर कापसाचा तंतू चिकटून वाळला होता. तो काढायला गेले तर म्हणाला, राहू दे, रक्त थांबतं त्यानं.

दुपारी बांधावर वजन झालं. निंबाच्या फांदीला ताणकाटा टांगलेला. बाईनं आपलं गाठोडं उचललं, मुलानं त्याची झोळी त्यातच रिकामी केली आणि मग काटा लागला. वहीत बाईचं नाव, पुढे किलो. मुलाचं नाव कुठेही नाही. संध्याकाळपर्यंत हे सहा वेळा पाहिलं. मूल दिवसभर राबतं आणि त्याचं वजन आईच्या गाठोड्यात जातं. कागदावर त्या वावरात एकही बालमजूर नव्हता.

वावराचे मालक चहा घेऊन आले. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "ताई, मी पोऱ्याले कामले लायेल नई. मायसंगे येल शे." ते खोटं बोलत नव्हते. त्यांची स्वतःची दोन मुलं चोपड्याला शिकतात आणि भिजलेल्या कापसाला काय भाव मिळेल या काळजीत तो माणूस बुडालेला होता. पण २०१६ साली दुरुस्त झालेला कायदा स्पष्ट आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. सवलत आहे ती स्वतःच्या घरच्या शेतीत किंवा व्यवसायात, तीही शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत हातभार लावण्यापुरती. दुसऱ्याच्या वावरात आईच्या तासाला तास लावून वेचणी करणं त्यात बसत नाही.

अमेरिकेचं कामगार खातं जगभरच्या मालाची एक यादी काढतं, बालमजुरी किंवा वेठबिगारी कुठल्या मालात आहे याची. त्या यादीत भारताचा कापूस आहे, कपाशीचं संकरित बियाणं आहे आणि ऊसही आहे. बांधावर बसून मी सरांना हे सांगितलं. सर म्हणाले, "यादीत माल आहे. या पोराचं नाव मात्र आपल्याला अजून कुठल्याच यादीत सापडलेलं नाही."

दुसरा दिवस, मंगळवार : शिरपूर

शिरपूरला सरांच्या घरी उतरलो. काकूंनी कळण्याच्या भाकरी आणि भरीत केलं होतं. जेवण झाल्यावर सरांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आत आमच्या जुन्या शाळेच्या हजेरीच्या वह्या.

१९८७ साली देशाचं बालकामगार धोरण आलं आणि १९८८ मध्ये नऊ जिल्ह्यांत राष्ट्रीय बालकामगार प्रकल्प सुरू झाला. पुढे तो वाढत वाढत आमच्याकडे आला. कामावरून सुटलेल्या मुलांना विशेष शाळेत बसवायचं, दोन-तीन वर्षांत अक्षर-आकड्याला आणायचं आणि नेहमीच्या शाळेत दाखल करायचं, अशी रचना होती. आमच्या शाळेत पन्नास मुलं होती आणि शिकवायला दोघी. मुलांना दुपारचं जेवण आणि महिन्याला १०० रुपये विद्यावेतन, पुढे ते १५० झालं. अगदी अलीकडे ते ४०० पर्यंत गेलं होतं.

ही कल्पना चांगली होती, हे मी आजही ठामपणे सांगेन. वीटभट्टीवरून आलेली, हॉटेलात कपबशा धुणारी, ढोरं वळणारी मुलं एका खोलीत बसून बाराखडी गिरवताना मी पाहिली आहेत. पण पैसा कधीच वेळेवर आला नाही. आमचं मानधन आठ-आठ महिने थकायचं. ते सोसलं. मुलांचे दीडशे रुपये थकले की मात्र सोसवत नसे, कारण त्या दीडशे रुपयांच्या शब्दावर आम्ही आयांना मुलं शाळेत पाठवायला राजी केलेलं असायचं. एक आई मला म्हणाली होती, "ताई, तुमनं सरकार आखाजीले पैसा देस, आनि आमले पोट रोज शे." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, वर्षातून एकदाच येणारी. हे वाक्य मी एकवीस वर्षं विसरलेले नाही.

त्याच काळात शेजारच्या जालना आणि औरंगाबाद जिल्ह्यांमध्ये वेगळाच प्रकल्प चालू होता. त्याला इंडस म्हणत, इंडिया आणि यू.एस. मिळून. चार कोटी डॉलर, त्यातले निम्मे भारत सरकारचे, निम्मे अमेरिकेच्या कामगार खात्याचे, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची देखरेख. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, तमिळनाडू आणि उत्तर प्रदेश या चार राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत आणि दिल्लीत तो होता. खानदेश त्यात नव्हता. एका प्रशिक्षणात तिकडच्या शिक्षिका भेटल्या तेव्हा फरक कळला. त्यांच्याकडे लहानांच्या वर्गाबरोबर चौदा ते सतरा वयाच्या मुलामुलींना हातचं कसब शिकवायची सोय होती, आयांचे बचत गट होते, आणि मूल सुटल्यावर घरात कमी पडणाऱ्या पैशाचा विचार केलेला होता. आमच्याकडे मूल होतं आणि वर्ग होता, घर नव्हतं. सरकार आणि देणगीदार एकत्र येण्याचा खरा उपयोग मला तिथे दिसला. सरकारकडे शाळा आणि यंत्रणा होती, तर देणगीदाराच्या पैशाला नव्या गोष्टी करून पाहायची मोकळीक होती.

ही वाट त्याच्याही आधीची आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९२ मध्ये जर्मनीच्या मदतीवर बालमजुरी निर्मूलनाचा जागतिक कार्यक्रम सुरू केला, तेव्हा पहिल्या सहा देशांत ब्राझील, इंडोनेशिया, केनिया, थायलंड, तुर्कस्तान यांच्याबरोबर भारत होता. संघटनेचा १८२ क्रमांकाचा करार १९९९ चा, अत्यंत घातक बालमजुरीविरुद्धचा. त्याचं आठवं कलम म्हणतं की सदस्य देशांनी या कामात एकमेकांना साथ द्यावी, त्यात गरिबी हटवणं आणि सर्वांना शिक्षण हेही येतं. म्हणजे मदत करणं हे श्रीमंत देशाच्या मर्जीवर सोडलेलं नाही, ते करारात लिहिलेलं आहे. भारतानं हा करार आणि किमान वयाचा १३८ क्रमांकाचा करार १३ जून २०१७ रोजी स्वीकारला. २०२० पर्यंत संघटनेच्या सगळ्या १८७ देशांनी १८२ वर सही केली. इतकं एकमत दुसऱ्या कुठल्याच कामगार कराराला मिळालेलं नाही.

आणि तरीही पैसा थांबतो. इंडसची मुदत संपली, तशी जोडलेली माणसं पांगली. ज्या अमेरिकी खात्यानं तो निम्मा पैसा दिला होता, त्यानंच यंदाच्या मार्चमध्ये परदेशांत चाललेल्या अशा कामांची अनुदानं बंद केली. आपल्याकडचा राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पही २०२१ पासून समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय योजनेत विलीन झाला. कामगार खात्याकडून हे काम शिक्षण खात्याकडे आलं. मुलाच्या दृष्टीनं तेच बरं, असं सरांचं मत. माझं मत असं की विलीनीकरणात विशेष शाळेची खोली गेली ते चालेल, पण कामावरच्या मुलाच्या मागे फिरणारं माणूस गेलं ते चालणार नाही.

रात्री दहापर्यंत वहीतल्या एकेका नावावर बोट ठेवून कोण कुठे आहे ते आठवत बसलो. एक जण महामार्गावर टायरचं दुकान चालवतो, एक अंगणवाडीत मदतनीस आहे, आणि एकीचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. काही नावांवर सर नुसतेच पान उलटत होते.

तिसरा दिवस, बुधवार : शहादा, प्रकाशा, नंदुरबार

शहाद्यात गाडी बदलली. प्रकाशाला तापीवरून येताना देवळांची शिखरं उन्हात चमकत होती. शहादा-नंदुरबार रस्त्यावर ऊसही दिसला आणि उसाच्या कडेला पालंही.

नंदुरबार जवळ आलं की आधी नाकाला कळतं. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या आहेत. मोकळ्या रानात ओल्या लाल मिरचीचे थरच्या थर वाळत घातलेले असतात आणि नजर पोचेल तिथवर लालच लाल दिसतं. छायाचित्रं काढायला लोक मुद्दाम येतात. आम्ही कडेच्या झापाखाली गेलो, जिथे बायका देठ खुडत बसतात. पाच मिनिटांत सरांना ठसका लागला तो तासभर थांबला नाही.

अकरा-बारा वर्षांची एक मुलगी ओढणीनं नाक-तोंड बांधून बसली होती. डावीकडे मिरचीचा ढीग, उजवीकडे देठ खुडलेल्या मिरचीचं टोपलं. हाताची गती अशी की मिरची टोपल्यात पडल्यावर देठ तुटल्याचं लक्षात यावं. मधेच पाळण्यातलं बाळ रडलं. ती उठली, पण बाळाला हात लावला नाही, कोपरानंच झोळी हलवली. मी विचारलं तेव्हा तिनं दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. तळव्यांना तेल चोपडलेलं होतं, तरी बोटांची पेरं सुजून लाल झाली होती. "बाळाच्या डोळ्याला लागतं ना," ती म्हणाली. पाचवीत नाव आहे, पण दिवाळीनंतर गेलेली नाही.

नंदुरबारमध्ये एक सरकारी अधिकारी भेटले. नगरपालिकांच्या निवडणुकीची धामधूम, तरी त्यांनी तासभर दिला. बालमजुरीविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल असतं. त्यात कामगार खातं, पोलीस, शिक्षण, महिला व बालविकास सगळे येतात. धाड पडते, मूल बालकल्याण समितीपुढे जातं, मालकावर गुन्हा दाखल होतो. दंड २० ते ५० हजार, कैद सहा महिने ते दोन वर्षं. "आणि मूल?" मी विचारलं. ते थोडं थांबून म्हणाले, "मॅडम, मूल आईबापाच्या ताब्यात जातं, आणि आईबाप त्याच कामावर असतात."

त्यांच्या टेबलावरच मला १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवला. शिवकाशीच्या मुलांच्या त्या खटल्यात न्यायालयानं म्हटलं होतं की मालकानं दर मुलामागे २० हजार रुपये भरावेत, आणि सरकारनं त्या घरातल्या एका मोठ्या माणसाला काम द्यावं, ते जमलं नाही तर आपले पाच हजार त्या निधीत घालावेत. मुलाला काढायचं तर त्या जागी बापाला किंवा आईला काम द्या, हा विचार त्या निकालात होता. एकोणतीस वर्षं झाली. पथारीवरच्या त्या मुलीच्या घरात वर्षभराचं काम असलेला एकही माणूस नाही.

नुसतं काढून टाकल्यानं काय होतं, हे बांगलादेशानं दाखवलं आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेत बालमजुरीचा माल रोखणारं विधेयक येणार म्हणताच तिथल्या कपड्यांच्या कारखान्यांनी घाबरून हजारो मुलांना रातोरात बाहेर काढलं. त्यातली कितीतरी, विशेषतः मुली, दगड फोडायला गेली, रस्त्यावर आली किंवा आणखी वाईट ठिकाणी पोचली. मग जुलै १९९५ मध्ये ढाक्याला कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. आधी शाळेची जागा तयार करायची, मग मुलाला काढायचं, त्याला विद्यावेतन द्यायचं आणि जमल्यास त्याच्या जागी घरातलं मोठं माणूस घ्यायचं. क्रम बदलला आणि मुलं शाळेत बसू लागली. खानदेशात आपण अजून पहिली अर्धी गोष्टच करतो आहोत.

संध्याकाळी आदिवासी भागात काम करणाऱ्या एका ताईंच्या ओसरीवर बसलो. त्यांची संस्था सहा माणसांची. पूर्वी पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेकडे परदेशी देणगी यायची आणि त्यातला वाटा यांच्याकडे. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणगीचा कायदा बदलला. एका संस्थेनं घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. हिशेब चोख हवा हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण ताईंच्या कामात खर्च असतो तोच मुळी माणसाचा आणि प्रवासाचा. "आमच्याकडे इमारत नाही, गाडी नाही. पाड्यावर जाऊन पोराला हाक मारायची, एवढंच काम. ते कुठल्या रकान्यात लिहायचं?" त्यांनी विचारलं. मी त्यांचा प्रश्न जसाच्या तसा वहीत उतरवला आहे. अहवालात तो पहिल्या पानावर जाईल.

चौथा दिवस, गुरुवार : तळोदा, अक्कलकुवा, देवगोई घाट, मोलगी

तळोद्यापर्यंत एसटी, पुढे जीप. अक्कलकुव्यानंतर देवगोईचा घाट सुरू होतो. सागाची पानं गळायला लागली होती. घाटात समोरून येणाऱ्या तीन पिकअप गाड्यांना वाट द्यावी लागली. प्रत्येकीत माणसं उभी होती आणि त्यांच्या पायाशी पातेली, गोधड्या, कोंबड्यांची डालगी, ज्वारीचं पोतं. एकीच्या मागच्या फळीवर दोन मुलं पाय सोडून बसली होती. सर म्हणाले, "बघा, निघाले."

दिवाळी झाली की सातपुडा खाली उतरतो. काही जण कापसाला, काही मिरचीला. पण सगळ्यात जास्त माणसं सुरत-बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन जातो, जेव्हा घरात दाणा नसतो. मोलगीजवळच्या पाड्यावर एका बापानं हिशेब सांगितला. आषाढात आजारपणासाठी दहा हजार घेतले, ते पंधरा म्हणून फेडायचे. दोघांनी तोडायचं, थोरल्या मुलीनं धाकट्याला सांभाळायचं, मधल्यानं वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करायचे आणि मोळीला बंध लावायला हात द्यायचा. मधला आठ वर्षांचा आहे. "तो नसला तर रोजच्या मोळ्या कमी होतात," बाप म्हणाला. त्यानं ते सांगितलं ते लाजून, आणि सांगताना मुलाच्या डोक्यावर हात ठेवलेला होता.

इथल्या शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. आईबाप गेले तरी मुलानं गावातच राहावं, शाळेत जेवावं, आजी-आजोबांकडे किंवा शाळेत झोपावं, अशी ही समग्र शिक्षातली योजना. कागदावर मला माहीत असलेली सगळ्यात शहाणी योजना हीच आहे. ती मुलाला गावातून उपटत नाही, खर्चही थोडा. मुख्याध्यापकांनी फाइल दाखवली. प्रस्ताव वेळेत गेला होता. मंजुरी अजून आलेली नव्हती. मागच्या वर्षी ती आली जानेवारीत.

आम्ही दोघंही त्या फाइलकडे पाहत राहिलो. गाड्या नोव्हेंबरात जातात आणि पैसा जानेवारीत येतो. मधल्या दोन महिन्यांत मूल गुजरातेत पोचलेलं असतं. तिथे शाळा गुजराती, घरची बोली पावरी आणि शिकलेलं थोडंसं मराठी. मग होळीला सगळे परत येतात, कारण काठी गावची होळी चुकवून कोणी राहत नाही. मुलंही येतात. मुख्याध्यापक म्हणाले, "होळीला माझा पट शंभर टक्के असतो, मॅडम. तेव्हा माझ्याकडे पैसाही असतो. ३१ मार्चच्या आत संपवा म्हणून सांगतात."

गेले काही दिवस मी ज्या प्रश्नाभोवती फिरत होते, त्याचं उत्तर मला त्या ओट्यावर मिळालं. सरकारचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, देणगीदाराचं बहुधा जानेवारीला, मुलाचं दिवाळीला. देणगीदारानं नवी इमारत, नवं नाव, नवी शाळा यांत पैसा घालू नये. त्यानं दिवाळीच्या आठ दिवस आधी हंगामी वसतिगृहाच्या चुलीला पुरेल एवढी रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती ठेवावी, सरकारची मंजुरी आली की त्यातून ती भरून निघावी, आणि तीच रक्कम पुढच्या वर्षी पुन्हा फिरावी. पैसा थोडा लागेल, पण तीन वर्षांऐवजी आठ-दहा वर्षं थांबावं लागेल. आणि प्रत्येक पाच-सहा पाड्यांमागे एक माणूस, ज्याला पोरं नावानं माहीत आहेत. राज्यात २०१७ पासून बालरक्षक म्हणून शिक्षक हे काम करत आले आहेत, पण वर्ग सांभाळून ते किती फिरणार?

उचलीचं काय, हा सरांचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. ब्राझीलनं १९९६ मध्ये कोळसाभट्ट्यांच्या भागात एक कार्यक्रम सुरू केला. मुलाला कामावरून काढून शाळेत बसवलं तर घराला दर महिना रोख रक्कम, आणि उरलेल्या वेळेत मूल पुन्हा कामावर जाऊ नये म्हणून दुसऱ्या सत्रात खेळ, गाणी, अभ्यास. पैसा सरकारचाच होता, जोडीला आंतरराष्ट्रीय संस्थांची साथ होती. आपल्याकडे वेगळी रोख योजना उभारायलाही नको. रोजगार हमीचा जन्मच महाराष्ट्रातला, १९७७ चा आपला कायदा. आषाढात, जेव्हा उचल घेतली जाते, आणि दिवाळीनंतर, जेव्हा माणसं निघतात, या दोन वेळी मोलगीत काम निघालं आणि कायद्यात आहे तशी पंधरा दिवसांत मजुरी मिळाली, तर निम्मी घरं थांबतील असं तो बाप स्वतः म्हणाला. त्याला मी आकडा विचारला नव्हता.

रात्री शाळेतच मुक्काम केला. भगरीचा भात आणि उडदाची डाळ होती. थंडी इतकी की सरांनी शबनमही अंगावर ओढून घेतली. झोप येईना म्हणून मोबाइलवर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफचा जूनमध्ये आलेला अहवाल पुन्हा उघडला. जगात १३ कोटी ८० लाख मुलं मजुरी करतात, त्यातली ५ कोटी ४० लाख धोक्याच्या कामात. शंभरातली ६१ शेतीत. २०२५ अखेर ही संख्या शून्य व्हायची होती, तसा शब्द सगळ्या देशांनी २०१५ मध्ये दिला होता. या शतकाच्या आरंभी ती साडेचोवीस कोटींच्या आसपास होती. म्हणजे उतरलेली आहे, आणि ती शाळा, कायदे, रोख मदत आणि असे एकमेकांना जोडलेले हात यांनीच उतरली. काम होत नाही असं कोणी म्हणू नये. ते होतं, म्हणूनच मध्येच सोडलेलं पाहवत नाही.

पाचवा दिवस, शुक्रवार १४ नोव्हेंबर : मोलगी

बालदिन. शाळेत प्रभातफेरी होती. त्याआधीच, साडेसहाला, पाड्याखालच्या वळणावर पिकअप येऊन उभी राहिली. मुकादम शेजारच्या पाड्याचाच, तिशीचा. तोही लहानपणी वाढे गोळा करायचा. मुख्याध्यापक त्याच्याशी भांडले नाहीत. त्याला चहा दिला आणि कोण कोण चाललंय ते विचारलं.

काल भेटलेला बाप आला. बरोबर बायको, थोरली मुलगी, कडेवर धाकटा. मधला नव्हता. आजीनं त्याला ठेवून घेतलं होतं. मुख्याध्यापकांनी रात्री जाऊन सांगितलं होतं की मंजुरी येईपर्यंत दोन वेळचं जेवण शाळेकडून, कसं ते मी बघतो. कसं बघणार हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, पण सकाळी वाण्याच्या दुकानातून उधारीवर आलेलं तांदळाचं कट्टं मी पाहिलं. थोरली मात्र निघालीच. धाकट्याला सांभाळायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं. ती सहावीत आहे. तिच्यासारख्यांसाठी कुठल्याच प्रस्तावात ओळ नाही, उसाच्या पडावावर पाळणाघर असल्याशिवाय तिची सुटका नाही, आणि ते बांधायला दोन राज्यांच्या सरकारांना एकत्र बसावं लागेल. हेही वहीत लिहिलं.

मुख्याध्यापकांनी पट उघडला. जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे ते मुकादमाचा नंबर आणि जाण्याचं ठिकाण लिहीत होते, तिकडच्या शाळेत दाखल होता यावं म्हणून हातात शिक्षण हमीचं कार्ड देत होते. नऊ नावं झाली. दहावा मुलगा फळीवर चढून बसला होता, चौथीतला.

"बारडोली," मुख्याध्यापक लिहिता लिहिता म्हणाले.

"बारडोली नाही, सर," तो वरून म्हणाला. "मढी. मढीच्या पुढे, नहराच्या बाजूला. मोठ्या आंब्यापाशी पडाव असतो."

मुख्याध्यापकांनी बारडोली खोडलं आणि त्यानं सांगितलं ते सगळं लिहून घेतलं, नहर आणि आंबा धरून.